‘दिली असणार’ आणि ‘द्यायला हवी होती’

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका पंचवीस वर्षांच्या आहेत. परभणी जिल्ह्यातील एका गावात त्यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पुढे त्यांनी विज्ञान शाखेची पदवी घेतली. गेली दोन वर्षे त्या पुण्यात सदाशिव पेठेत राहून कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेची तयारी करीत आहेत. गणित आणि बुद्धिमापन जमते. मात्र इंग्रजीतील ‘स्पॉटिंग एरर’चे, म्हणजे वाक्याच्या कोणत्या तुकड्यात चूक आहे ते शोधण्याचे प्रश्न, त्यातही ‘कॅन, कुड, मे, मस्ट, शुड’ असलेली वाक्ये हमखास चुकतात. क्लासमध्ये मिळालेली 140 नियमांची वही त्यांनी दोनदा पाठ केली आहे. तरीही सराव चाचणीत कधी सगळे वाक्य बरोबर वाटते, तर कधी सगळेच चुकीचे. खोलीतील मैत्रीण इंग्रजी माध्यमातून शिकलेली असून ‘कानाला खटकते’ एवढ्याच आधारावर ती उत्तर देते आणि ते बहुधा बरोबर येते. क्लासचे सर सांगतात, ‘मराठीतून विचार करणे बंद करा.’ पत्रलेखिका विचारतात: मराठी माध्यमामुळे माझा कान आता तयार होणारच नाही का? हे प्रश्न सोडून द्यावेत का? ताजा कलमात त्या लिहितात, की अभ्यासिकेच्या डिपॉझिटची पावती हरवल्यावर त्यांनी मालकांना इंग्रजीत संदेश पाठवला, तो वाचून मालक रागावले, आणि व्याकरण तर मैत्रिणीने तपासून दिले होते, मग नेमके काय चुकले हे अजूनही कळलेले नाही.

नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही ताजा कलमात टाकला आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. मालकांना तुम्ही लिहिलेत: ‘यू शुड हॅव गिव्हन मी द रिसीट.’ तुमच्या मनात होते ते असे, की तुम्ही मला पावती दिली असणार, माझ्याच हातून ती कुठेतरी गहाळ झाली आहे. त्यांनी वाचले ते असे, की तुम्ही मला पावती द्यायला हवी होती आणि ती तुम्ही दिली नाहीत. ज्या माणसाने पावती खरोखरच फाडून हातात दिली आहे, त्याला हे वाक्य आरोपासारखे लागले तर त्याला दोष देता येत नाही. आता हेच वाक्य प्रश्नपत्रिकेत तुकडे पाडून छापले असते, तर उत्तर ‘नो एरर’ असेच धरले गेले असते. ‘शुड’नंतर ‘हॅव’ बरोबर आहे, त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप बरोबर आहे, शब्दांचा क्रम बरोबर आहे. मैत्रिणीने ते तपासून ठीक म्हटले, यात तिचेही काही चुकले नाही. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘मस्ट’ होता, आणि तो का हवा होता हे वाक्याकडे कितीही वेळ पाहत बसून कळण्यासारखे नव्हते. त्यासाठी तुमच्या मनात काय आहे हे ठाऊक असणे आवश्यक होते.

या क्रियापदांच्या चुका दोन अगदी वेगळ्या जातींच्या असतात, आणि तुमची वही, तुमचे सर आणि तुम्ही स्वतः त्या दोन्ही एकाच टोपलीत भरता, अशी माझी शंका आहे. पहिली चूक रूपाची. ती डोळ्यांना दिसते, वाक्याचा अर्थ न कळताही सापडते आणि तिचे नियम खरोखर थोडे आहेत. दुसरी चूक अर्थाची. तेथे वाक्याचा सांगाडा निर्दोष असतो, पण बोलणाऱ्याला जे म्हणायचे आहे आणि वाक्य जे म्हणते, ते जुळत नाही. पहिल्या जातीला नियम पुरतात. दुसऱ्या जातीसमोर 140 नियमांची वही म्हणजे कुलपापेक्षा किल्ल्याच जास्त असा प्रकार होतो, कारण कोणता नियम लावायचा हे ठरवण्यासाठी आधी प्रसंग समजावा लागतो.

रूपाच्या चुका आपण लवकर उरकू. ‘कॅन, कुड, मे, मस्ट, शुड’ यांसारख्या क्रियापदांना मोडल क्रियापदे म्हणतात. मोडल क्रियापदानंतर मूळ क्रियापद उघडेच येते. त्याला ‘एस’ लागत नाही, ‘ईडी’ लागत नाही, मध्ये ‘टु’ येत नाही. ‘शी कॅन स्पीक्स’ चूक, ‘वी मस्ट टु लीव्ह’ चूक. दोन मोडल शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘ही विल कॅन कम’ चूक आणि ‘ही विल बी एबल टु कम’ बरोबर. ‘ऑट’ला मात्र ‘टु’ लागतो. ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ यांना लागत नाही, त्यामुळे ‘यू हॅड बेटर टु कन्सल्ट अ डॉक्टर’ या वाक्यातील ‘टु’ काढून टाकायचा. ‘नीड’ आणि ‘डेअर’ ही दोन क्रियापदे दुहेरी आयुष्य जगतात: ‘ही नीड नॉट वरी’ बरोबर, ‘ही डझ नॉट नीड टु वरी’ही बरोबर, पण दोन्हींची सरमिसळ करून केलेले ‘ही नीड्स नॉट वरी’ चूक. ‘लेस्ट’ आला की पुढे ‘शुड’ किंवा नुसते मूळ क्रियापद, आणि पुन्हा ‘नॉट’ नाही, कारण नकार ‘लेस्ट’च्या पोटातच आहे. एवढे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, आणि तुम्हाला हे बहुतेक आधीच येत असणार.

तिसऱ्या पुरुषी एकवचनात ‘ही रन्स’, पण ‘ही कॅन’, असे का, हा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, आणि विचारला तर ‘नियमच तसा आहे’ असे उत्तर मिळते. खरे कारण गमतीचे आहे. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही आज वर्तमानकाळाची वाटणारी रूपे फार जुन्या काळी, इंग्रजी ही वेगळी भाषा होण्याच्याही आधी, भूतकाळी घडणीची होती. भूतकाळाला ‘एस’ लागत नाही. आपण ‘ही वेंट्स’ म्हणत नाही. ती जुनी सवय या शब्दांच्या अंगात आजही आहे. ‘मस्ट’ची कथा याच्याही पुढची आहे. ते मुळात दुसऱ्याच एका क्रियापदाचे भूतकाळी रूप, जे पुढे वर्तमानकाळासाठी वापरले जाऊ लागले. म्हणून त्याला स्वतःचा वेगळा भूतकाळच उरला नाही, आणि ‘काल मला जावे लागले’ हे सांगण्यासाठी ‘हॅड टु’ला उसने आणावे लागते. परीक्षेत ‘यस्टरडे आय मस्ट गो’ असे वाक्य दिसले की हे आठवा. कारण कळलेला नियम सहसा विसरला जात नाही.

आता दुसऱ्या जातीकडे येते, आणि येथे तुमच्या सरांशी माझा नम्र मतभेद आहे. ‘मराठीतून विचार करणे बंद करा’ हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण तो पाळता येत नाही आणि पाळू नये असेही मला वाटते. शक्यता, खात्री, कर्तव्य, सक्ती, परवानगी, पश्चात्ताप हे सगळे भाव मराठी अतिशय बारकाईने वेगळे करते. ‘तो गेला असेल’, ‘तो गेला असावा’, ‘तो गेला असणार’, ‘त्याने जायला हवे होते’, ‘त्याला जावे लागले’, ‘तो जाऊ शकला असता’, ‘त्याला जाता आले’ ही सात वाक्ये ऐकून गावातील शाळेत न गेलेली आजीसुद्धा क्षणभर गोंधळणार नाही. इंग्रजीत हीच माणसे अनुक्रमे ‘मे हॅव गॉन’, ‘प्रॉबॅब्ली वेंट’ किंवा ‘मस्ट हॅव गॉन’, ‘मस्ट हॅव गॉन’, ‘शुड हॅव गॉन’, ‘हॅड टु गो’, ‘कुड हॅव गॉन’ आणि ‘वॉज एबल टु गो’ या वेषांत भेटतात. दुसऱ्या वाक्यापाशी मला दोन पर्याय द्यावे लागले, कारण ‘असावा’मधील अर्धवट खात्री इंग्रजी मोडलमध्ये नेमकी बसत नाही, मराठी तेथे इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त दाखवते. भेद ओळखण्याची ही क्षमता तुमच्याकडे जन्मापासून आहे. चूक होते ती मराठीचे शब्द इंग्रजीत नेताना. मराठीचा अर्थ नेला तर ती होत नाही. पावतीच्या वाक्यात तुम्ही ‘दिली असणार’ हा अर्थ मनात स्पष्ट धरला असता आणि मग ‘शुड हॅव’ म्हणजे ‘हवी होती’ हे ताडून पाहिले असते, तर विसंगती तुमच्या लगेच लक्षात आली असती.

याचे एक उदाहरण मला विशेष आवडते. ‘आय कुड कॅच द लास्ट ट्रेन यस्टरडे’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांत चुकीचे धरतात. तेथे ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ हवे असते. पुस्तकातील स्पष्टीकरण असे, की ‘कुड’ भूतकाळातील सर्वसाधारण क्षमतेसाठी वापरावे आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगी साधलेल्या गोष्टीसाठी वापरू नये. हे वाचून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. पण मराठीत पाहा: ‘लहानपणी मला विहिरीत पोहता यायचे’ आणि ‘काल मला शेवटची गाडी गाठता आली’. ‘यायचे’ आणि ‘आली’ यांची अदलाबदल करून पाहा. ‘काल मला शेवटची गाडी गाठता यायची’ असे कोणी म्हणणार नाही. जेथे मराठीत ‘यायचे’ बसते तेथे ‘कुड’, जेथे ‘आले’ बसते तेथे ‘वॉज एबल टु’. नकारार्थी वाक्यात मात्र हा भेद इंग्रजी पाळत नाही, तेथे ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ निर्धास्त लिहा. आणि ‘सी’, ‘हिअर’, ‘रिमेंबर’ अशा क्रियापदांबरोबर होकारार्थी ‘कुड’ही चालते.

तसेच ‘यू नीड नॉट हॅव ब्रॉट अॅन अंब्रेला’. हे वाक्य पाहताच अनेकजण ‘नीड नॉट हॅव’ या जोडणीला घाबरून तेथे खूण करतात. ते बिनचूक आहे. मराठीत त्याचा अर्थ एकाच शब्दात येतो: ‘छत्री उगाच आणलीस.’ आणलीस खरी, पण गरज नव्हती. याउलट ‘यू डिडन्ट नीड टु ब्रिंग’ एवढेच सांगते, की गरज नव्हती. आणली की नाही ते उघडेच राहते. ‘उगाच’ हा शब्द बसतो का, एवढे विचारले की हा भेद हातात येतो.

मराठी नेहमीच मदत करते असे मात्र म्हणणे बरोबर होणार नाही. तीन जागा अशा आहेत की तेथे ती आपल्याला बेमालूम फसवते, आणि सरांचा इशारा तेवढ्यापुरता खरा आहे.

पहिली जागा ‘शकतो’ची. ‘मी पोहू शकतो’ आणि ‘आज संध्याकाळी पाऊस येऊ शकतो’ या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. एकात क्षमता आहे, दुसऱ्यात शक्यता. इंग्रजीत दुसऱ्या ठिकाणी ‘इट कॅन रेन दिस इव्हिनिंग’ चालत नाही, ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवे. ‘इट कॅन रेन हेविली इन जुलै’ मात्र चालते, कारण तेथे एका विशिष्ट दिवसाचा अंदाज नसून जुलै महिन्याचा स्वभाव सांगितला आहे. दुसरी जागा ‘नको’ची. ‘उद्या यायला नको’ याचा अर्थ सुट्टी आहे, येण्याची गरज नाही, असा होतो, आणि स्वर बदलला तर येऊ नकोस असाही होतो. इंग्रजीत ‘यू नीड नॉट कम’ आणि ‘यू मस्ट नॉट कम’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात सूट आहे, दुसऱ्यात मनाई. एखाद्या पाहुण्याला ‘मस्ट नॉट’ लिहून पाठवले तर पावतीच्या संदेशाहून मोठे प्रकरण होईल.

तिसरी जागा सर्वांत खोल आहे, आणि मला वाटते की मराठी विद्यार्थ्यांचे सर्वाधिक गुण तेथे जातात. ‘तू सांगितले असतेस तर मी आलो असतो.’ या वाक्याच्या दोन्ही अंगांकडे नीट पाहा. ‘सांगितले असतेस’ आणि ‘आलो असतो’: मराठी दोन्हीकडे एकच साचा वापरते. साहजिकच आपण इंग्रजीतही दोन्हीकडे एकच साचा घालतो आणि ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ असे लिहून मोकळे होतो. वाचताना ते इतके समतोल वाटते, की चूक आहे अशी शंकाही येत नाही. इंग्रजीत मात्र ‘इफ’च्या अंगाला ‘हॅड टोल्ड’ लागते आणि ‘वुड हॅव’ फक्त दुसऱ्या अंगाला. ही चूक कोणाच्या कमी हुशारीमुळे होत नाही. मराठीचे व्याकरण सरळ आहे म्हणून ती होते. म्हणून ‘इफ’ दिसला की त्याच्या अंगात ‘वुड’ बसले आहे का, एवढेच आधी पाहावे. आदराच्या विनंतीचे ‘इफ यू वुड काइंडली वेट’ यासारखे अपवाद सोडले तर तेथे ‘वुड’ सहसा उपराच असतो.

आता तुमच्या मैत्रिणीच्या कानाबद्दल. तिला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ऐकून आणि वाचून तयार झालेला कान ही खरी मिळकत आहे. पण कान जे ऐकतो त्यावर तयार होतो, आणि आपल्याकडे कानावर पडणारे इंग्रजी हे भारतीय इंग्रजी असते. ‘द एक्झाम वुड बी हेल्ड ऑन मंडे’ अशा सूचना आपण महाविद्यालयांच्या फलकांवर आणि कार्यालयांच्या पत्रांत इतक्या वेळा वाचतो, की ‘वुड’ हे ‘विल’चे अधिक नम्र रूप आहे अशी समजूत होऊन बसते. साध्या भविष्यकाळासाठी तेथे ‘विल’च हवे, ‘वुड’ला काही अट किंवा मागील काळातील संदर्भ लागतो, जसे ‘द प्रिन्सिपल सेड दॅट द एक्झाम वुड बी हेल्ड ऑन मंडे’. हे ‘वुड’ इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कानाला खटकत नाही, कारण त्या कानाने लहानपणापासून तेच ऐकले आहे. तुमच्या कानाला सवयच नाही, म्हणून तुम्हाला प्रत्येक वाक्य तपासावे लागते. वेळ जास्त लागतो हे खरे, पण या विशिष्ट सापळ्यात तुमची तपासणी तिच्या सवयीपेक्षा भरवशाची ठरू शकते. दोघींनी मिळून एकदा असे करून पाहावे: तिने खटकले म्हणून खूण केलेल्या प्रत्येक वाक्याचे कारण तुम्ही तिला विचारावे. तिला कारण सांगता येणार नाही तेथे तुम्ही दोघीही काही शिकाल.

कान तयार होणारच नाही का, या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ आहे: होईल, पण नियमांच्या वहीने होणार नाही. त्याला रोज वाचन लागते, आणि पंचवीस हे वय त्यासाठी उशिराचे नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे. ‘कधी सगळे बरोबर वाटते, तर कधी सगळेच चुकीचे’ असे तुम्ही लिहिता. प्रश्नाचे नाव ‘चूक शोधा’ असल्यामुळे आपण चूक असणारच अशा तयारीने वाक्य वाचतो, आणि संशयाने पाहिले तर कोणतेही वाक्य संशयास्पद दिसते. ‘नो एरर’ हा पर्याय शोभेसाठी दिलेला नसतो. ‘शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज कॉल मी’ हे ‘इफ’ गाळून उलटवलेले वाक्य पूर्ण शुद्ध आहे. ‘ही डेअर नॉट आस्क हर’ यात ‘एस’ नसणे हेच शुद्ध आहे. याच्या उलटही घडते: मोडल क्रियापद दिसले म्हणून तुम्ही तेथेच डोळे खिळवून बसता आणि चूक दुसरीकडे असते. ‘नायदर ऑफ द टू क्लर्क्स कुड एक्सप्लेन व्हाय द फाइल वेअर मिसिंग’ या वाक्यातील ‘कुड’ निर्दोष आहे. दोष आहे तो एका फाइलसाठी वापरलेल्या ‘वेअर’मध्ये. मी अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि लाल शाई हातात असली की चूक नसलेल्या जागीही रेघ ओढाविशी वाटते, हे स्वानुभवाने सांगते. एकदा एका मुलीचे ‘नीड नॉट’ मी ‘नीड्स नॉट’ असे ‘सुधारले’ होते. पुढच्या तासाला तिने पुस्तक उघडून दाखवले, तेव्हा वर्गासमोर माफी मागावी लागली.

हे प्रश्न सोडून द्यावेत का, याकडे येऊ. हा निर्णय मनःस्थितीवर न सोपवता गणितावर सोपवावा, आणि गणित तर तुमचा विषय आहे. या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, त्यांपैकी 25 इंग्रजीचे. बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीच्या उत्तराला 0.50 वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी 0.125 गुण मिळतो, म्हणजे नफा नगण्य, पण तोटा नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे 0.33 होते आणि दोन बाद करता आले तर 0.75. म्हणजे वाक्याचे दोन तुकडे शुद्ध आहेत एवढे जरी तुम्हाला ठामपणे सांगता आले, तरी प्रश्न सोडणे तोट्याचे आहे. सोडावा तो असा प्रश्न, ज्याच्यासमोर दीड मिनिट गेले आणि एकही तुकडा बाद झाला नाही; कारण तेथे गुणांपेक्षा वेळ महाग आहे. संपूर्ण प्रकारच सोडून देणे मला पटत नाही.

तयारी कशी बदलावी, तर 140 नियमांची वही काही काळ बाजूला ठेवा आणि कोरी वही घ्या. सराव चाचणीत चुकलेले प्रत्येक वाक्य त्यात उतरवा, पण त्याखाली नियमाचा क्रमांक लिहू नका. त्याऐवजी, हे वाक्य कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणत असेल, ते मराठीत एका ओळीत लिहा. ‘द लाइट्स आर ऑन; दे मस्ट नॉट बी आउट’ असे वाक्य असेल तर लिहा: ‘शेजारी फाटकाशी उभा राहून म्हणतो, दिवे चालू आहेत, म्हणजे ते बाहेर गेले असणे शक्य नाही.’ ‘शक्य नाही’ हे शब्द कागदावर आले की ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई हे आठवते आणि ‘कान्ट बी आउट’ आपोआप सुचते. सुरुवातीला एका वाक्याला पाच मिनिटे लागतील, म्हणून दिवसाला दहाच वाक्ये करा. दोन-तीन आठवड्यांनी ही मराठी ओळ लिहावी लागत नाही, ती मनातच उमटते, आणि काही महिन्यांनी तीही विरून जाते. तुमची मैत्रीण ज्याला कान म्हणते तो हाच असावा.

जोडीला एक काम करा: वर्तमानपत्रातील एखादा इंग्रजी अग्रलेख रोज घेऊन त्यातील मोडल क्रियापदांना फक्त गोल करा आणि लेखकाने तेच का निवडले असेल, ‘विल’ऐवजी ‘मे’ का, ‘शुड’ऐवजी ‘मस्ट’ का, एवढा विचार करा. अग्रलेखात लेखकाची खात्री कोठे आहे आणि कोठे तो हात राखून बोलतो, ते या शब्दांतच दडलेले असते. हवी असल्यास भारतीय संविधानाची इंग्रजी प्रतही चाळा. तेथे ‘शॅल’ पानोपानी आहे, आणि ‘शॅल’ कोठे व ‘मे’ कोठे यावरून तरतूद बंधनकारक की ऐच्छिक, असे वाद न्यायालयांपर्यंत गेले आहेत. अनुच्छेद 21 मधील ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड’ या शब्दांत ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ घालून वाचा. मोडल क्रियापदाचे वजन काय असते हे पुन्हा कोणाला विचारावे लागणार नाही.

‘शॅल’वरून आठवले. ‘आय’ आणि ‘वी’बरोबर ‘शॅल’, इतरांबरोबर ‘विल’, आणि निश्चय दाखवायचा असेल तर उलट, हा नियम तुमच्या वहीत असणार. जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1653 मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला, आणि शाळांतून तो शतकानुशतके चालत आला. आज इंग्लंडातही सामान्य बोलण्यात तो कोणी पाळत नाही. ‘लेस्ट’चेही तेच, कोणाच्याही बोलण्यात मी तो शब्द ऐकलेला नाही, आणि त्यावर प्रश्न विचारून उमेदवाराची नेमकी कोणती योग्यता कळते हे मला उमगलेले नाही. पण परीक्षेची उत्तरसूची आपण बदलू शकत नाही. असे जुने, वापरातून गेलेले दोन-चार नियम वहीच्या शेवटच्या पानावर ‘फक्त परीक्षेसाठी’ असे शीर्षक देऊन वेगळे ठेवा, आणि ते पाळून कोणाला पत्र लिहू नका.

राहता राहिले अभ्यासिकेचे मालक. त्यांना दुरुस्तीचा संदेश पाठवायचा असेल तर ‘यू मस्ट हॅव गिव्हन मी द रिसीट, बट आय कान्ट फाइंड इट’ असे लिहिता येईल, आणि पुढे ‘कुड आय हॅव अ कॉपी?’ असे विचारता येईल. मात्र तुमच्या पत्रावरून ते मराठीच दिसतात. तसे असेल तर प्रत्यक्ष भेटून सांगा, की ‘काका, पावती तुम्ही दिलीच असणार, माझ्याकडून हरवली, नक्कल मिळेल का?’ सराव म्हणून इंग्रजी वाक्य मात्र नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा, आणि त्याखाली तुम्ही पाठवलेले जुने वाक्यही.